धृतराष्ट्र, श्रावण आणि माझी मुले

आंधळ्या आईबापांची दोनच चित्रे आपल्या मनावर ठसलेली आहेत. एक धृतराष्ट्र, दुसरे श्रावणाचे आईवडील. पहिल्याचे आंधळेपण पुत्रप्रेमाचे दूषण म्हणून येते, दुसऱ्यांचे मुलाची भक्ती दाखविण्यासाठी. मुलाला भरविणारा, त्याच्यावर रागावणारा, त्याला वाढविणारा आंधळा माणूस ह्या परंपरेला दिसलाच नाही. हा प्रश्न मी केवळ समीक्षक म्हणून विचारीत नाही.

मला जन्मापासून कमी ऐकू येते. यंत्र लावून, ओठ वाचून शिकलो. घरातला पहिला पदवीधर झालो आणि आज महाविद्यालयात मराठी शिकवितो. तिशीत डॉक्टरांनी अशर सिंड्रोम हे नाव सांगितले. श्रवण आधीच अधू, त्यात डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होतो. प्रथम रातांधळेपणा येतो, मग नजर कडांनी आकसत नळीएवढी उरते. बहिऱ्याची भिस्त डोळ्यांवर, आंधळ्याची कानांवर. इथे एक तूट दुसरीचा आधारच काढून घेते. वीज गेली की ओठ दिसत नाहीत आणि ओठ गेले की सहा वर्षांच्या मुलीचे बोलणे जाते. तीन वर्षांच्या मुलाचा चेहरा दिसतो, पण शेगडीकडे गेलेला त्याचा हात दिसत नाही.

अशा माणसाने कोणते साहित्य वाचावे? सारे जण हेलन केलरकडे बोट दाखवितात. १९ महिन्यांची असताना तिची दृष्टी व श्रवण गेले. १९०३ साली तिचे आत्मचरित्र पुस्तकरूपाने आले. तिच्या आयुष्यावरून स्फुरलेला 'ब्लॅक' हा हिंदी चित्रपट २००५ साली आला. पण ह्या कथेला अंध-बधिर माणूस हवा असतो तो विद्यार्थी म्हणून. त्याने शिकावे, पदवी घ्यावी, आपण टाळ्या वाजवाव्यात. १९१६ साली केलरला लग्न करायचे होते आणि घरच्यांनी ते मोडून काढले, हे कितीजणांना ठाऊक आहे? ती समाजवादी होती, हेही असेच झाकले जाते. अपंगाने प्रेरणा द्यावी, संसार मागू नये, असा हा करार आहे.

माझ्या आईला एका नातलगाने सांगितले, 'मागल्या जन्मीचे भोग.' आई गप्प बसली. मी बसलो नाही. जनुकशास्त्र सांगते की आई आणि बाप दोघांकडून सदोष जनुक आले तरच हा आजार होतो. त्यात पापाचा संबंध नाही. आमच्या जातीचे कारणही कर्मातच शोधले गेले होते. ज्याने ते नाकारले त्याने हेही नाकारलेच पाहिजे.

शेजारी माझ्या मुलीला कौतुकाने 'श्रावणबाळ' म्हणतात. मला ते नको आहे. वाल्मीकी रामायणातला तो मुलगा मरताना दशरथाला सांगतो की मी ब्राह्मण नाही, शूद्र स्त्रीच्या पोटी वैश्यापासून झालो, तेव्हा ब्रह्महत्येची भीती बाळगू नकोस. बाण लागल्यावरही राजाची चिंता त्यानेच वाहायची! कावड मुलाच्या खांद्यावर दिली की समाजाचा खांदा मोकळा होतो. २०१६ च्या कायद्यात अंध-बधिरतेची नोंद झाली, हे चांगलेच झाले. पण नुसत्या नोंदीने संध्याकाळी घरात दुसरा हात येत नाही.

आता थोडे आपल्याविषयी. १९२० साली बाबासाहेबांनी पत्राला 'मूकनायक' नाव दिले, तेव्हा ते मुकेपण समाजाने लादलेले होते. आपल्या कवितेने मात्र 'आंधळा-बहिरा समाज' ही शिवी सहज उचलली. मित्रहो, अत्याचार करणारा आंधळा नसतो. तो जात नीट पाहून घेतो, आडनाव नीट ऐकून घेतो. त्याला आमचे नाव देऊ नका.

मुलीने स्वतःच एक रीत काढली आहे. अंधार पडला की ती माझ्या तळहातावर बोटाने अक्षरे काढते. परवा तिने 'भूक' लिहिले. उकार ऱ्हस्व काढला होता. मी तिचे बोट धरून तो दीर्घ करून घेतला आणि मग ताट वाढले. मी तिचा बाप आहे, आणि मास्तरही. हे चित्र आपल्या साहित्यात यायला हवे.