दुसरं व्हायोलिन

‘चेंबर’ हा शब्द आमच्या घरात दोनच अर्थांनी वापरला जातो. एक सोसायटीच्या मागच्या बाजूचं, दर पावसाळ्यात तुंबणारं. दुसरं बँकेतलं, जिथं मॅनेजरसाहेब बसतात. त्यामुळं ‘रविवारी मी मुंबईला चेंबर म्युझिक ऐकायला चाललोय’ असं जाहीर केलं, तेव्हा आमची ही एवढंच म्हणाली, ‘त्यासाठी मुंबईला कशाला? सोमवारी ऑफिसात ऐकताच की!’

खरं म्हणजे माझ्यासारख्या बी. कॉम. झालेल्या माणसाचा या संगीताशी काही संबंध यायचं कारण नव्हतं. तो आणला आमच्या हेडकॅशिअरनी. आता निवृत्त झालेत. मूळचे साष्टीचे. गोव्यात चर्चच्या शाळांतून पोरांना सूरलेखन आणि व्हायोलिन शिकवायची जुनी रीत होती. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत एके काळी जे गोवेकर वादक भरलेले असायचे, त्यांतले पुष्कळ त्याच तालमीतले. आमचे हेडकॅशिअर सिनेमात गेले नाहीत, बँकेत आले. मात्र मुंबईला होते तोवर दर रविवारी चार दोस्त मिळून चौकडी वाजवायचे. त्यात यांच्याकडं कायम दुसरं व्हायोलिन.

‘पहिलं का नाही?’ मी एकदा विचारलं होतं. शंभराचं बंडल मोजत असल्यामुळं ते आधी काही बोललेच नाहीत. मोजणं झालं, रबर लावलं, मग म्हणाले, ‘पहिला घसरला तर दुसरा सांभाळतो. दुसरा घसरला की चौघेही पडतात, अरे.’

पुढं बरीच वर्षं शनिवारी संध्याकाळी त्यांच्या घरी बसून मी रेकॉर्डी ऐकल्या. उपदेश एकच. वरचं सगळ्यांनाच ऐकू येतं, तू मधलं ऐक. अलीकडं दोन वर्षांत त्यांचे कान गेले. आधी डावा, मग उजवाही. यंत्र लावलं की माणसं ऐकू येतात, पण व्हायोलिनचा म्हणे पत्रा होतो. कार्यक्रमाची जाहिरात त्यांनीच पाहिली, तिकीटही त्यांनीच काढलं, आणि माझ्या हातात ठेवून म्हणाले, ‘तू जा. आणि मला लिहून दे. सेकंड व्हायोलिन कसं वाजलं ते नीट लिही.’ फोनवर सांगायची सोय राहिलेली नाही. तेव्हा हा पुढचा मजकूर म्हणजे त्या रिपोर्टाचीच कार्बन कॉपी समजा.

सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन, आणि परत यायलाही तीच, संध्याकाळी पाच दहाची. कार्यक्रम तीनला. दीड तासात आटपणार असं तिकिटावर छापलेलं. माझा सगळा हिशेब त्या छापील शब्दावर बेतलेला. मधले चार तास फोर्टात भटकण्यात आणि इराण्याकडं बनमस्का खाण्यात गेले; त्यात संगीत काही नाही.

सभागृहाचं नाव सांगत नाही, कारण कार्यक्रम सुरू झाला तीन पंचवीसला. पंचवीस मिनिटं गाडी उशिरा आली तर आपण स्टेशनमास्तरशी भांडतो. इथं सगळे अत्तर लावून शांत बसले होते.

चेंबर म्हणजे नुसती खोली. हे संगीत मुळात दिवाणखान्यात बसून वाजवायचं. १७८४ साली व्हिएन्नात अशी एक बैठक झाली होती. हायडन पहिलं व्हायोलिन घेऊन बसला होता, मोझार्ट व्हायोला, वानहाल चेलो, आणि दुसऱ्या व्हायोलिनला डिटर्सडॉर्फ म्हणून एक गृहस्थ होते. हायडन-मोझार्ट आपल्या चाळीतसुद्धा ठाऊक आहेत. डिटर्सडॉर्फ कुणाला ठाऊक आहे? दुसरं व्हायोलिन म्हणजे काय, ते यावरून कळावं.

आपल्या बैठकीत कोण गाणारा आणि कोण साथीदार ते आधीच ठरलेलं असतं, मानधनसुद्धा त्याच हिशेबानं. इथं कागदोपत्री चौघेही सारखे. आमच्या स्टाफ मीटिंगमध्येही सगळे सारखेच असतात.

सुरुवात हायडनच्या ‘लार्क’नं झाली. खालचे तिघे हलक्या पावलांनी चालत असतात आणि पहिलं व्हायोलिन चंडोलासारखं वर निघून जातं. ते इथं फारच छान गेलं. पहिला वादक तरुण होता, हात तयार, स्वर मोठा आणि गोड. हायडनला तो शोभला. धोका तिथंच होता, पण तो मला मागाहून कळला.

मग एका सद्‌गृहस्थांचं आभाराचं भाषण, मग चहा. शूबर्टला प्रत्यक्ष सुरुवात चार वीसला. हा ‘डेथ अँड द मेडन’ त्यानं १८२४ साली लिहिला, १८२८ साली एकतिसाव्या वर्षी तो गेला, आणि हे चोपडं छापून निघालं १८३१ साली. आमच्याकडं एरिअर्स असेच मिळतात.

दुसऱ्या भागात त्यानं स्वतःच्याच एका जुन्या गाण्याची चाल घेतलीय आणि ती पाच वेळा पालटून दाखवलीय. चाल इतकी साधी आहे की धून म्हणायलाही संकोच वाटावा. कुणीतरी दाराशी उभं राहून हळू बोलतंय, एवढंच. पहिल्या पालटात वरचं व्हायोलिन नक्षी काढतं, चेलो तारा छेडतो, आणि खुद्द चाल असते मधल्या दोघांकडं, थरथरत्या ठोक्यांत लपलेली. हेडकॅशिअरांच्या घरी ही जागा आली की ते बोट वर करायचे. मीही कान टवकारून बसलो. ऐकू आली ती नक्षी. नुसती नक्षी. काठ भरजरी, पण लुगडं कुठाय? दुसऱ्या व्हायोलिनच्या बाई वाजवताना दिसत होत्या, त्यांचा गज हलत होता, पण पहिल्या गड्यानं सगळी हवा आपल्याच नावावर जमा केली होती. शेजारचे गृहस्थ डोळे मिटून ‘ब्यूटिफुल’ म्हणाले. मला राग आला. रागापेक्षाही, हे मी लिहून कसं देऊ, असं झालं.

दुसऱ्या पालटात चाल चेलोकडं जाते. चेलोवाले पोक्त गृहस्थ होते. त्यांनी ती कुठंही न ताणता अशी काही म्हटली की तो तरुण त्यांच्याकडं वळून बघायला लागला. तिथून काहीतरी बदललं. पाचव्या पालटात चाल दुसऱ्या व्हायोलिनकडं येते, वर पहिल्याची बारीक विणकाम केल्यासारखी धावपळ. या वेळी तो हटला. गज हलका केला. आणि त्या बाईंचं व्हायोलिन मला पहिल्यांदा ऐकू आलं. जाड, काहीसा खरखरीत, मुळीच सजवलेला नसलेला आवाज. वाढत वाढत चौघे ओरडण्यापर्यंत गेले, पुन्हा उतरले, इतके खाली उतरले की वातानुकूलन यंत्राची घरघर ऐकू यायला लागली.

घड्याळात चार अठ्ठेचाळीस. आता उठलो तर गाडी मिळणार होती. अजून दोन भाग बाकी होते.

उठलो नाही. शेवटच्या भागात चौघे एकच धून घेऊन धावत सुटतात, आणि तो भाग संपून मी जिना उतरलो तेव्हा मीही त्याच लयीत धावत होतो. उपयोग झाला नाही. दादरहून बसनं घरी पोचलो साडेदहाला. हिनं वरणभात झाकून ठेवला होता आणि चेंबर तुंबल्याची बातमीही.

रिपोर्ट चार पानी झाला. पहिल्या पालटाचं आहे तसंच लिहिलं. कॅशिअरला खोटी बेरीज दाखवून भागत नाही. ते चष्मा लावून सावकाश वाचत होते. तिथं आले तेव्हा ‘हं’ म्हणाले, जणू त्यांना ते अपेक्षितच होतं. पाचव्या पालटाच्या परिच्छेदावर मात्र बराच वेळ थांबले. डावा हात खुर्चीच्या दांड्यावर होता, त्याची बोटं हळूहळू हलत होती. तीन वेळा वाचलं असावं. मग चारही पानं जुळवली, कडा ठोकून सारख्या केल्या आणि कान गेलेली माणसं बोलतात तसं, शेजारच्यांनाही कळेल एवढ्या मोठ्यानं त्यांनी विचारलं, ‘आणि व्हायोला?’

व्हायोला मी ऐकलाच नव्हता.