'रिअर विंडो': जेफ झोपलेला असताना

मंडळी, आज हिचकॉकचा 'रिअर विंडो' (१९५४). गोष्ट माहीत आहे असं धरून चालू. पाय प्लास्टरमध्ये अडकलेला छायाचित्रकार जेफ, समोरच्या इमारतीतला थॉरवॉल्ड आणि त्याची एकाएकी दिसेनाशी झालेली बायको.

पॅरामाउंटच्या स्टुडिओत ग्रीनिच व्हिलेजमधलं अख्खं आवार उभारलं होतं, पण कॅमेरा बहुतेक वेळ जेफच्या खोलीतच मुक्काम ठोकून असतो. जेफला दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं, असं सर्रास म्हटलं जातं. ते पुरतं खरं नाही, आणि आमच्या मते खरी करामत तिथेच आहे. पहाटेचा तो शॉट आठवा. जेफला डुलकी लागली आहे, कॅमेरा मात्र जागा. थॉरवॉल्ड काळ्या कपड्यांतल्या एका बाईबरोबर बाहेर पडतो. हे जेफनं पाहिलेलं नाही, आपण पाहिलं! म्हणजे बायको धडधाकट निघून गेली असावी, अशी शंका घ्यायला आपल्यापाशी जागा आहे. तरी आपण जेफच्याच बाजूनं. का? तर खून झालेला असावा, अशी आपलीच इच्छा असते म्हणून. समजूत आणि ज्ञान यांतला फरक आम्ही जन्मभर फळ्यावर खडू झिजवून शिकवला. या गृहस्थानं तो एका शॉटमध्ये, तोही आपल्याच अंगावर शिकवला.

पुढे पोलिसातला मित्र सांगतो की बाई सुखरूप आहे. जेफ आणि लिसाचे चेहरे पडतात. लिसा ग्रेस केलीची. ती निदान ही लाज बोलून तरी दाखवते.

आणि शेवट. थॉरवॉल्ड खोलीत येतो. आपण राक्षसाची वाट पाहत असतो. दारात उभा राहतो तो चष्मा लावलेला, थकलेला, गोंधळलेला माणूस. तो विचारतो, तुला माझ्याकडून हवंय तरी काय? जेफपाशी उत्तर नाही. आहेत ते फ्लॅशचे बल्ब, ते तो एकामागून एक पेटवतो. प्रत्येक वेळी पडदा तांबडा होतो, कारण दिपलेले डोळे थॉरवॉल्डचे आहेत. इतका वेळ ज्याच्याकडे दुर्बिणीतून पाहिलं, त्याच्या डोळ्यांनी आता आपण जेफकडे पाहतो.

त्यानंतरची झटापट पळवलेल्या फिल्ममुळे थोडी हास्यास्पद वाटते, हेही सांगायला हवं. जेफ खिडकीतून खाली पडतो आणि दुसराही पाय मोडून घेतो.