भोक लहान, म्हणून दुखणेही लहान?

फुप्फुसाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेविषयी लोकांसाठी जे लिहिले जाते, त्यात एक विधान हमखास आढळते : छोटी भोके, त्यामुळे वेदना नगण्य. यातला पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध मात्र तपासून घ्यावा, असे आम्हांला वाटते.

डेन्मार्कमधील ओडेन्स येथील विद्यापीठ रुग्णालयात याचा चांगला प्रयोग झाला. सुरुवातीच्या टप्प्यातील फुप्फुसाचा कर्करोग असलेल्या २०६ रुग्णांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे, दोन गट केले. एका गटात छाती उघडून, तर दुसऱ्यात चार भोकांतून फुप्फुसाचा खंड काढला. विशेष म्हणजे सर्वांना एकसारखीच मलमपट्टी केली. त्यामुळे कोणती शस्त्रक्रिया झाली हे रुग्णांना आणि कर्मचाऱ्यांना कळू नये, अशी व्यवस्था झाली. वेदनेला रुग्णांनी स्वतः ० ते १० असे गुण दिले. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या २४ तासांत ३ किंवा अधिक गुणांची वेदना छाती उघडलेल्या गटात ६३ टक्के रुग्णांना, तर दुर्बिणीच्या गटात ३८ टक्के रुग्णांना झाली. पुढे वर्षभरही दुर्बिणीच्या गटात मध्यम ते तीव्र वेदनेचे प्रसंग कमी आले.

म्हणजे दुर्बिणीचा फायदा निर्विवाद आहे. पण १०० पैकी ३८ ही संख्या ‘नगण्य’ कशी? ‘कमी’ आणि ‘नाही’ यांतील फरक पुसला गेला, की ज्याला दुखते त्याच्या तक्रारीवर कोणी विश्वास ठेवत नाही.

दुखते का, याचे उत्तर शरीररचनेत आहे. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेच्या खोबणीतून मज्जातंतू जातो. दोन बरगड्यांमधील फटीतून उपकरणे आत-बाहेर होताना तो दाबला जातो. शिवाय हवा आणि द्रव काढण्यासाठी छातीत ठेवलेली नळी संवेदनशील फुप्फुसावरणाला टोचत राहते. त्वचेवरचे भोक किती मोठे, याच्याशी या दोन्ही गोष्टींचा संबंध थोडाच आहे. दुखते म्हणून रुग्ण खोकत नाही, खोल श्वास घेत नाही; मग कफ साचतो आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो.

यावर प्रादेशिक भूल हा उपाय आहे. पाठीच्या कण्यालगत, जेथे हे तंतू कण्यातून बाहेर पडतात, तेथे औषध सोडतात. ते तंतूतील सोडियमचे मार्ग बंद करते, त्यामुळे संदेश पुढे जात नाही. २०१६ साली वर्णन झालेल्या दुसऱ्या पद्धतीत औषध पाठीच्या स्नायूखालच्या थरात सोडतात. ती करायला सोपी असते, पण औषध मूळ तंतूंपर्यंत किती झिरपते हे व्यक्तीगणिक बदलते. २०२२ साली युरोपातील तज्ज्ञांच्या गटाने या दोन्हींना पहिली पसंती दिली. जोडीला पॅरासिटामॉल आणि दाहशामक औषधे सांगितली. हेतू हा, की मॉर्फिनसारखी औषधे कमी लागावीत. कारण ती श्वास मंदावतात.

या विषयावरील संशोधनाविषयी आमचे दोन आक्षेप आहेत. पहिला आक्षेप असा, की अनेक अभ्यासांत भर निजलेल्या स्थितीतील वेदनेवर असतो. पण खरी कसोटी खोकताना लागते. स्वस्थ पडून २ गुण देणारा रुग्ण खोकताना ७ गुण देत असेल, तर तो बरा आहे असे कसे म्हणावे? दुसरा आक्षेप सरासरीबद्दल आहे. दोन गटांच्या सरासरीत अर्ध्या गुणाचा फरक पडला आणि रुग्णसंख्या पुरेशी मोठी असली, तर संख्याशास्त्र त्याला ‘लक्षणीय’ म्हणेल. रुग्णाला तो जाणवेलच असे नाही. एकदाच दिलेल्या इंजेक्शनचा परिणाम काही तासांनी ओसरतो, नळी मात्र पुढेही राहू शकते. मोजणी पहिल्याच दिवशी थांबवली, तर पुढचे दुखणे कागदावर येतच नाही.

वर्गात एखाद्या नव्या उपचाराचे कात्रण वाचताना मुलांना तीन प्रश्न विचारायला सांगावे : कोणाशी तुलना केली? केव्हा मोजले? आणि रुग्ण काय करत असताना मोजले? यासाठी वैद्यकशास्त्र शिकलेले असण्याची गरज नाही. मोजमापाचा धडा मुळात हाच आहे.