संत तेरेजा : एक वाचक

संतांची चरित्रे आपण बहुधा त्यांच्या सद्गुणांसाठी वाचतो. त्यांची तपश्चर्या, त्यांनी सोसलेला छळ, त्यांना लाभलेली दर्शने यांवर आपली दृष्टी खिळते. त्यांच्या हाती कोणती पुस्तके होती, हा प्रश्न आपल्याला सहसा सुचत नाही. आविलाच्या संत तेरेजेच्या आत्मचरित्राला मात्र हा प्रश्न विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही. आध्यात्मिक मार्गदर्शकांच्या आज्ञेवरून तिने १५६२ ते १५६५ या काळात लिहिलेला हा ग्रंथ प्रार्थनेचा ग्रंथ म्हणून जगभर मान्यता पावला आहे. तितकाच तो एका वाचणाऱ्या स्त्रीचा वृत्तान्त आहे. सोळाव्या शतकातील स्पेनमध्ये एखादी स्त्री काय वाचत होती आणि कोणाच्या परवानगीने वाचत होती, हे इतक्या प्रांजळपणे सांगणारे लेखन विरळाच.

तेरेजाचा जन्म १५१५ सालचा. वडील दोन आलोन्सो यांना सद्ग्रंथांची आवड होती. मुलांना वाचता यावे म्हणून त्यांनी लोकभाषेतील धार्मिक पुस्तके घरात ठेवली होती. आई दोन्या बेआत्रीस यांना मात्र शूर सरदारांच्या अद्भुतरम्य कथांचा छंद. वडिलांना ही पुस्तके खपत नसत, म्हणून मायलेकी ती त्यांच्या नजरेआड वाचत. नवे पुस्तक हाती नसले की आपल्याला चैन पडत नसे आणि त्यापायी दिवसाचे व रात्रीचे कित्येक तास खर्ची पडत, अशी कबुली तेरेजा देते.

प्रवचनांतून आणि बोधकथांतून या प्रसंगाचे एकच तात्पर्य काढले जाते : वाईट पुस्तकांनी मुलगी वाया जाते. तेरेजा स्वतःही या वाचनाला दोष देते, हे खरे. परंतु तिचा मजकूर काळजीपूर्वक वाचला तर आईला दोष देताना तिची लेखणी मृदू झालेली दिसते. आईने या नादात घरची कामे कधी टाकली नाहीत, असे ती आवर्जून नोंदवते. आपले मोठे दुःख विसरावे आणि मुले भलतीकडे न वळता गुंतून राहावीत, यासाठी ती वाचत असावी, असेही सुचवते. बारा मुलांचा तो संसार. त्यातील दोन मुले वडिलांच्या पहिल्या पत्नीची. १५२८ च्या सुमारास, अजून तरुण असतानाच, बेआत्रीस वारल्या. त्या माउलीला पुस्तकाखेरीज दुसरा विसावा कोणता होता? लेकीने पुढे संतपदाच्या उंचीवरूनही हे ध्यानात ठेवले, यात मला तिचे मोठेपण दिसते.

त्या कथांचा तिच्यावरील संस्कारही पुसला गेला नाही. तेरेजा आणि तिचा भाऊ रोद्रिगो यांनी मिळून तशीच एक शौर्यकथा रचली होती, असे तिचे आद्य चरित्रकार फादर रिबेरा सांगतात. पुढे १५७७ साली आत्म्याच्या प्रवासाचे वर्णन करताना तिने अनेक दालनांच्या किल्ल्याची प्रतिमा योजली. त्या किल्ल्याच्या पायात बालपणीच्या पुस्तकांचा एखादा दगड असावा, असा तर्क केला तर तो वावगा ठरू नये.

तारुण्यात तिच्या वाचनाला वळण लागले. धार्मिक वृत्तीच्या एका काकांनी तिच्याकडून सद्ग्रंथ वाचून घेतले. मनात नसतानाही केवळ त्यांना बरे वाटावे म्हणून आपण आवड दाखवली, हे सांगायला ती लाजत नाही. संत जेरोमच्या पत्रांनी तिला मठप्रवेशाचे धैर्य दिले. १५३८ मध्ये आजारपणात त्याच काकांनी दिलेल्या फ्रान्सिस्को दे ओसुना यांच्या ग्रंथाने तिला मौनप्रार्थनेची वाट दाखवली. त्यानंतर सुमारे अठरा वर्षे, ख्रिस्तशरीर स्वीकारल्यानंतरचा समय सोडला, तर पुस्तक जवळ नसताना प्रार्थनेला बसण्याचे धाडस तिला झाले नाही. मनात घुसणाऱ्या विचारांचे घाव झेलण्यासाठी तिला ती ढाल लागे. १५५४ साली संत ऑगस्टीनचा ‘कबुलीजबाब’ स्पॅनिशमध्ये छापून निघाला. तो तिच्या हाती आला आणि त्यातील बागेच्या प्रसंगापाशी ती अश्रूंनी विरघळली. आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातील हा एक थोर वाचनप्रसंग आहे.

आणि मग १५५९ साल उजाडले. स्पेनचे महान्यायाधिकारी फेर्नांदो दे वाल्देस यांनी निषिद्ध ग्रंथांची यादी जाहीर केली. लोकभाषेतील प्रार्थनाग्रंथांवर तिची कुऱ्हाड पडली. लुईस दे ग्रानादा यांच्यासारख्या पुण्यपुरुषाचे लेखनही तिच्यातून सुटले नाही. लॅटिन जाणणाऱ्यांचे फारसे अडले नाही. तेरेजेला लॅटिन येत नव्हते. आपली आवडती पुस्तके गेल्याचे दुःख तिने लपवलेले नाही. त्या वेळी प्रभूने तिचे सांत्वन केले आणि आपण तिला जिवंत पुस्तक देऊ, असे आश्वासन दिले.

या आश्वासनाचा अर्थ, खऱ्या भक्ताला पुस्तकांची गरज नसते, असा पुष्कळदा लावला जातो. हा अर्थ सोयीचा आहे, पण तो तेरेजेच्या कृतीशी जुळत नाही. १५६२ साली आविला येथे संत जोसेफचा मठ स्थापल्यावर तिने जी नियमावली केली, तिच्यात मठप्रमुखांनी कोणते ग्रंथ संग्रही ठेवावेत हे नावानिशी सांगितले आहे. ख्रिस्तचरित्र, संतचरित्रे, ‘ख्रिस्तानुवर्तन’ यांबरोबर तिथे लुईस दे ग्रानादा यांचेही नाव आहे! शरीराला जसे अन्न तसे आत्म्याला हे वाचन, अशी तिची धारणा होती. जिला जिवंत पुस्तक लाभले, तिने आपल्या भगिनींच्या हातून छापील पुस्तके काढून घेतली नाहीत. उलट ती मिळवून दिली. ‘परिपूर्णतेचा मार्ग’ या ग्रंथाच्या पहिल्या खर्ड्यात तर तिने भगिनींना असा धीर दिला, की पुस्तके नेली तरी ‘हे आमच्या बापा’ ही प्रार्थना तुमच्याकडून कोणी हिरावून घेऊ शकणार नाही. ही तर ग्रंथबंदी करणाऱ्यांची कानउघाडणी दिसते, अशी टीप तपासनिसाने त्या हस्तलिखिताच्या समासात लिहून ठेवली. ख्रिस्तसभेच्या आज्ञेत राहूनही वेदना बोलून दाखवता येते, हे तेरेजेकडून शिकावे.

तिच्या मृत्यूनंतर, १५८८ साली, फ्राय लुईस दे लेओन यांनी तिचे ग्रंथ छापून प्रसिद्ध केले. वाचण्याबद्दल जिला संकोच वाटत होता, ती स्वतःच इतरांचे वाचन झाली. १९२१ च्या उन्हाळ्यात मैत्रिणीच्या घरी एडिथ श्टाइन या ज्यू विदुषीने हे आत्मचरित्र वाचले आणि १ जानेवारी १९२२ रोजी तिने बाप्तिस्मा घेतला. १९७० साली पोप पॉल सहावे यांनी तेरेजेला ख्रिस्तसभेची आचार्या म्हणून गौरविले. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री.

आपल्या घरांत रोझरीसाठी वेळ ठरलेली असते, स्वयंपाकासाठी असते, मुलांच्या अभ्यासासाठीही असते. आईच्या वाचनासाठी ती असते काय? भांडीकुंडी आवरल्यावर पुस्तक उघडणाऱ्या गृहिणीला ‘रिकामपणचा उद्योग’ म्हणून हिणवणारा आवाज अजून पुरता थांबलेला नाही. त्या आवाजाला बेआत्रीसची आठवण करून द्यावी. तिने नजरेआड वाचले आणि लेकीला वाचनाची गोडी लावली. ती गोडी नसती, तर ओसुना आणि ऑगस्टीन यांची पाने तिच्या लेकीने उलटली असती की नाही, कोण जाणे.