मुरलेले व्याकरण आणि शिकविलेले व्याकरण

एन. एस. प्रभू यांचे दुसऱ्या भाषेच्या अध्यापनावरील इंग्रजी पुस्तक (१९८७) आम्ही कोंकणी घरात वाढलेला मराठी वाचक या नात्याने वाचले. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतील शाळांत इंग्रजी शिकविण्याचा जो प्रयोग झाला, त्याचे हे विवेचन होय. व्याकरणाचे पाठ वगळून मुलांपुढे नकाशे, आगगाडीची वेळापत्रके ठेवावयाची. लक्ष अर्थावर राहिले की व्याकरण नकळत अंगी मुरते, असे प्रभूंचे प्रतिपादन. ते आम्हांस बरेचसे पटते. आमचे स्वतःचे मराठी देवळातील कीर्तने ऐकतच घडले; नियम पुष्कळ उशिरा आले.

तथापि कोंकणीत तरुण मुलीस नपुंसकलिंग लावतात. धाकट्या बहिणीविषयी 'तें आयलें' म्हणावयाची सवय मराठीतही शिरली, आणि आम्ही खुशाल 'ते आले' म्हणत राहिलो. मुलगी समोरच असे; अर्थ कोणाचाच अडला नाही, म्हणून कोणी टोकलेही नाही. पुढे एका अशिलाच्या मराठी अर्जात तेच 'ते आले' उतरले, तेव्हा आमच्या ज्येष्ठ वकिलांनी विचारले, "अहो, हे कोण वडीलधारे आले? मुलगी कुठे गेली?" कित्येक वर्षांच्या श्रवणाने जे साधले नव्हते, ते त्या एका प्रश्नाने साधले.

प्रभू प्रसंगोपात्त दुरुस्ती वर्ज्य मानीत नाहीत, हे खरे. पण अर्थ अडेल तेथेच ती बहुधा सुचणार. त्यांच्या मुलांना इंग्रजी परकी होती. भगिनीभाषांत अर्थ सहसा अडतच नाही. अशा शिकणाऱ्यांविषयी एखादे प्रकरण या पुस्तकात आम्हांस हवे होते.