मतमाउली, रेणुका आणि मूळ शोधणारे

नगर शहराला लागून असलेल्या केडगावात नवरात्रात रेणुकादेवीची यात्रा भरते. (दौंडजवळचे पंडिता रमाबाईंचे केडगाव वेगळे.) याच जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावी, सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. या दोन यात्रा शेजारी ठेवून 'नाव बदलले, देवी तीच' असे सांगणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ख्रिस्ती सण, चिन्हे, विधी हे सारे मुळात मूर्तिपूजकांचे, किंबहुना आमचेच, असा त्यांचा सिद्धांत आहे. तो तपासला पाहिजे; कारण तो पुराव्याची भाषा कमी आणि मालकीहक्काची भाषा अधिक बोलतो.

नाताळचेच घ्या. सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये रोममध्ये 'अजिंक्य सूर्या'चे मंदिर उभारले, म्हणून २५ डिसेंबर हा सूर्याचा दिवस ख्रिस्त्यांनी उचलला, असे ठामपणे सांगितले जाते. पण त्या दिवशीचे दोन्ही जन्मोत्सव, सूर्याचा आणि ख्रिस्ताचा, प्रथम स्पष्टपणे आढळतात ते ३५४ च्या एकाच रोमन पंचांगसंग्रहात. कोणी कोणाचा घेतला हे त्यातून सिद्ध होत नाही. 'ईस्टर' हे नाव एका देवतेवरून आले असे बीड या इंग्रज मठवासीयाने ७२५ मध्ये लिहिले खरे. पण तो सण त्याआधी कित्येक शतके 'पास्का' या यहुदी नावाने चालत होता. इंग्रजी नावावरून सणाची कुळी ठरवणे हास्यास्पद आहे.

आपल्याकडे हा प्रकार आणखी पुढे गेला. बाबाराव सावरकरांचे 'ख्रिस्तपरिचय अर्थात ख्रिस्ताचे हिंदुत्व' हे पुस्तक १९४६ साली निघाले आणि २०१६ मध्ये पुन्हा छापले गेले. ख्रिस्त हा तमिळ विश्वकर्मा ब्राह्मण होता आणि ख्रिस्ती धर्म हा हिंदूंचाच पंथ, असे त्यात प्रतिपादन आहे. सुताराच्या मुलाला आपलासा करायचा, तर आधी त्याला ब्राह्मण करावे लागते! पु. ना. ओकांनी तर ख्रिश्चॅनिटीची 'कृष्णनीती' केली. 'ख्रिस्तोस' म्हणजे ग्रीकमध्ये अभिषिक्त, आणि तोही हिब्रू 'मशीहा'चा अनुवाद. 'कृष्ण' म्हणजे काळा. उच्चार जुळला की व्युत्पत्ती झाली, असे मानणाऱ्याशी वाद कसा घालायचा?

बौद्धांना हा डाव ओळखीचा आहे. बुद्धाला विष्णूचा अवतार ठरवून गिळण्याचा प्रयत्न झाला होता. म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत तो अवतारवाद स्पष्ट नाकारलेला आहे.

आता खरे तेही सांगू. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांतली हळद, मंगळसूत्र, कीर्तन ही इथलीच आहेत. 'माउली' हा शब्दही इथलाच. फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये ओवीत छापले गेले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी अभंग रचले, त्याला देशीकरण म्हणून गौरवले जाते. मात्र महारवाड्या-मांगवाड्यातल्या ख्रिस्ती लग्नात हळद लागली की ते 'अर्धवट धर्मांतर' ठरते. एकच गोष्ट, पण करणाऱ्याच्या जातीप्रमाणे तिचे नाव बदलते. माणसाला जन्मावरून तोलायची सवय रूढींनाही जन्मावरून तोलते.

बाबासाहेबांनीही ख्रिस्ती समाजात टिकलेल्या जातीवर कठोर टीका केली. पण त्यांचा प्रश्न अस्पृश्याच्या जगण्यात काय पालटले, हा होता. तो प्रश्न आजही अवघड आहे, आणि चर्चनेही त्याला उत्तर द्यायचे आहे. मूळ शोधणारे मात्र त्याच्या जवळपासही फिरकत नाहीत.

ते फिरकले, तर त्यांना १९५० चा अनुसूचित जातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश वाचावा लागेल. हळद लावताना हिंदू ठरवलेला माणूस दाखला मागायला गेला की ख्रिस्ती ठरतो. त्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात शीख १९५६ मध्ये आले, बौद्ध १९९० मध्ये. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. महाराष्ट्रात त्यांची गणना इतर मागासवर्गात होते.