गुजगोष्टींचे हलके ओझे

कादंबरीकार जेव्हा कादंबरी बाजूला ठेवून पावसाविषयी, सुटीच्या दिवसाविषयी किंवा सकाळच्या चहाविषयी लिहू लागतो, तेव्हा त्याचा आवाज वाचकाला जवळून ऐकू येतो. अशा लेखनात कथानकाचा आधार नसतो आणि पात्रांच्या आड उभे राहण्याची सोयही नसते. मराठीत हा लेखनप्रकार ज्यांनी रूढ केला, ते ना. सी. फडके आपल्या वाचकांना कादंबरीकार म्हणूनच अधिक परिचित आहेत. त्यांच्या 'गुजगोष्टीं'कडे आज, नव्वद वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, ख्रिस्ती कुटुंबातील वाचकाने कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

फडके यांचा जन्म १८९४ साली त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील कर्जत येथे झाला आणि १९७८ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. 'जादूगार' (१९२८), 'दौलत' (१९२९), 'अटकेपार' (१९३१) या कादंबऱ्यांनी त्यांना अमाप लोकप्रियता मिळवून दिली. १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. कादंबऱ्यांची घोडदौड चालू असतानाच, १९२६ च्या सुमारास, 'रत्नाकर' मासिकातून त्यांनी हे छोटे निबंध लिहावयास आरंभ केला. पुढे १९३३ साली 'गुजगोष्टी' हा संग्रह निघाला; त्यामागोमाग 'नव्या गुजगोष्टी' आणि 'धूम्रवलये' आले. शेवटच्या नावातच लेखकाची भूमिका स्पष्ट होते. धुराची वलये काढावीत, ती विरताना पाहावीत, त्यांतून काही सिद्ध करण्याचा हट्ट धरू नये!

आपल्या घरांतून फडके वाचले गेले, ते काहीशा संकोचाने. त्याला कारणही होते. ते संततिनियमनाचे उघड पुरस्कर्ते होते. त्या विषयावर त्यांनी १९२७ साली इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि त्याला मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना होती. ख्रिस्तसभेची शिकवण आणि त्यांची मते यांत मोठे अंतर आहे, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु लेखकाची सर्व मते मान्य असल्याखेरीज त्याचे पुस्तक घरात येऊ नये, असा नियम केला तर पुस्तकांचे कपाट रिकामेच राहावयाचे. शिवाय गुजगोष्टींविषयीचा खरा आक्षेप मतांचा नाही, तो हलकेपणाचा आहे. प्रार्थना, कष्ट आणि मुलांचे शिक्षण यांतून उरलेला थोडा वेळ असल्या निरर्थक गोष्टींवर का घालवावा, असे आपल्याकडचे वडीलधारे विचारीत. या प्रश्नाला उत्तर द्यावयास हवे.

प्रथम फडक्यांचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. त्यांच्यापूर्वीचा मराठी निबंध हा बहुतांशी सभेला उद्देशून केलेले भाषण होता. १८७४ साली सुरू झालेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'पासून निबंधकार व्यासपीठावर उभा असे आणि वाचक समोर रांगेत बसलेला असे. फडक्यांनी ते व्यासपीठ काढून टाकले. गुजगोष्ट म्हणजे जिवलगाशी हळू आवाजात केलेले बोलणे. एका माणसाने दुसऱ्या एका माणसाला आपली लहर, आपला कंटाळा, आपला बारीकसा आनंद सांगावा, आणि तो सांगण्याजोगा आहे असे मानावे, ही त्या काळच्या मराठी गद्यात नवी गोष्ट होती. इंग्रजी निबंधकारांपासून घेतलेले हे रोप त्यांनी मराठी वाक्याच्या मातीत रुजविले. आज कोणताही सदरलेखक 'मी' म्हणून सहजपणे बोलू लागतो, त्यामागे हे ऋण आहे.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. एखादी मामुली घटना घ्यावयाची, तिच्याविषयीची रूढ समजूत उलटी करून दाखवावयाची, आणि शेवटी एक नाजूक कलाटणी द्यावयाची, असा साचा लवकरच तयार झाला. अनुकरण करणाऱ्यांनी तो इतका वापरला की लघुनिबंध कृत्रिम वाटू लागला. त्याला पुन्हा जिवंतपणा आणण्यासाठी इरावती कर्वे आणि दुर्गा भागवत यांच्यासारख्या लेखिका पुढे याव्या लागल्या. दुर्गाबाईंच्या 'ऋतुचक्र'मध्ये (१९५६) महिना येतो तो झाडापानांसह, पाहण्याच्या दीर्घ शिस्तीतून येतो. फडक्यांचा निसर्ग मात्र बव्हंशी सुखवस्तू माणसाने खिडकीतून पाहिलेला असतो. ज्याच्यासाठी पाऊस म्हणजे पेरणीची चिंता किंवा गळके छप्पर आहे, त्याला त्या खिडकीशी जागा नाही.

याच्या उलट टोकाला वि. स. खांडेकर आहेत. शिरोड्याच्या शाळेत शिकवीत असताना सावंतवाडीच्या 'वैनतेय'मधून त्यांनी हाच प्रकार हाताळला आणि 'वायुलहरी' (१९३६) हा संग्रह दिला. खांडेकरांना गरिबाचे घर दिसते, त्यांच्या मनाला ते टोचते. पण तेवढ्यात उपदेश पुढे सरसावतो आणि गोष्ट राहते बाजूलाच. म्हणजे एकाची लेखणी हलकी, पण भार न उचलणारी. दुसऱ्याची भार उचलणारी, पण हलकेपणा गमावणारी. भार उचलूनही हलके राहता येईल काय, हा खरा वाङ्मयीन प्रश्न आहे.

येता येते, याचे उदाहरण आपल्याच श्रद्धेच्या एका कादंबरीकाराने घालून दिले आहे. जी. के. चेस्टरटन १९२२ साली कॅथॉलिक झाले. पण त्यांचे अनेक गाजलेले निबंध त्याआधीचे आहेत. लंडनचा एक भाग पुराच्या पाण्याखाली गेला असता, वाऱ्याने उडालेल्या हॅटमागे धावण्यात काय मौज आहे याविषयी त्यांनी लिहिले. दुसऱ्या एका निबंधात, चित्र काढण्यास टेकडीवर गेल्यावर पांढरा खडू घरीच राहिला म्हणून ते हळहळतात, आणि मग लक्षात येते की आपण बसलो आहोत ती टेकडीच पांढऱ्या खडूची आहे! गंमत एवढीच, पण त्याच ओघात, पांढरा हा रंगांचा अभाव नव्हे तसा सद्गुण हाही केवळ दुर्गुणांचा अभाव नव्हे, हा विचार वाचकाच्या हाती पडतो. येथे उपदेश वरून चिकटविलेला नाही. तो खडूतच होता. प्रभूच्या दाखल्यांची रीतही हीच नव्हे काय? खमीर, हरवलेले नाणे, अंजिराच्या झाडाची पालवी, अशा घरच्या व ऋतूच्या गोष्टींतूनच तो स्वर्गराज्याविषयी बोलला.

हा प्रश्न आमच्या हिंजवडीत केवळ वाङ्मयीन राहत नाही. मुळशी तालुक्यातील हे गाव एकेकाळी शेतीचे आणि म्हातोबाच्या यात्रेचे. चैत्री पौर्णिमेला बगाडाची मिरवणूक आजही निघते, आणि त्याच परिसरात माहिती तंत्रज्ञानाच्या उंच काचेच्या इमारती उभ्या आहेत. नोकरीनिमित्त वसईहून, अहिल्यानगरकडून आलेली आपली कुटुंबे येथे राहतात. काचेच्या आत बाराही महिने एकच हवा असते. परदेशी ग्राहकाच्या घड्याळाप्रमाणे काम करणाऱ्या मुलाला सुटी मिळते ती कधीकधी सातासमुद्रापलीकडच्या सणाची, आणि हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेचे दिवस मात्र कामात जातात. पाऊस त्याला भेटतो तो रस्त्यावर तुंबलेले पाणी आणि वाहनांची रांग या रूपाने. अशा घरात ऋतू आणि सुटी यांविषयीचे लेखन हा चैनीचा विषय उरत नाही. जे हातून निसटत आहे, त्याची ती नोंद ठरते.

येथे संत थॉमस अक्वायनस यांचे स्मरण होते. आपल्या 'सुम्मा'मध्ये त्यांनी विनोद आणि विरंगुळा यांची चर्चा गंभीरपणे केली आहे. तेथे संत योहानाची एक जुनी आख्यायिका येते. शिष्यांसमवेत खेळताना पाहून काही जण नाराज झाले, तेव्हा योहानाने एका धनुर्धराला विचारले, की तू सतत बाण सोडीत राहशील काय? तसे केल्यास धनुष्य मोडेल, असे तो म्हणाला. मनुष्याच्या मनाचेही तसेच आहे. इतकेच नव्हे, तर जो स्वतः कधी हसत नाही आणि दुसऱ्याच्या हसण्यातही विघ्न आणतो, त्याच्या ठायी संत थॉमस दोष पाहतात. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९८ साली प्रभुवारावर प्रेषितीय पत्र लिहिले, त्यातही विसावा हा कामातून उरलेला वेळ नसून पवित्र गोष्ट आहे, असेच प्रतिपादन आहे. ख्रिस्तसभेच्या उपासना-वर्षात सर्वांत अधिक आठवडे असतात ते 'सामान्य काळा'चे, हिरव्या वस्त्राचे. सणांपेक्षा साधे दिवस अधिक आहेत, आणि तेही देवाचेच आहेत.

वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर मग असे देता येईल. हलकेपणा हा दोष नाही. कोणाचेही ओझे न पाहता आलेला हलकेपणा तेवढा उणा आहे. फडक्यांच्या गुजगोष्टी त्या उणिवेसह वाचाव्यात, कारण साध्या दिवसाकडे पाहण्याची आणि त्याविषयी नेटके मराठी वाक्य लिहिण्याची सवय त्या लावतात. रविवारी मिस्साहून परतल्यावर एखादा निबंध घरात मोठ्याने वाचावा. दहा मिनिटेही लागत नाहीत. मुलांना मराठी ऐकू येईल, आजी-आजोबांना बोलण्यास विषय मिळेल.

आणि त्यापुढची अपेक्षा आपल्याच लिहिणाऱ्यांकडून आहे. श्रावणातल्या उन्हापावसाविषयी, नाताळच्या करंज्यांविषयी, रात्रपाळीहून परतणाऱ्या मुलासाठी झाकून ठेवलेल्या ताटाविषयी आपल्या घरातून कोणीतरी लिहावयास हवे. ते ताट झाकणाऱ्या आईची चिंता त्यात असावी, आणि तरीही वाचताना ओठांवर हसू यावे. फडक्यांनी दार उघडून दिले. आत बोलावयाचे कोणाला, हे ठरविणे आता आपल्याकडे आहे.